मामांचा ३१ मार्च

आमचे मामा जेवत नाहीत, वसुली करतात. साताऱ्याच्या एका सहकारी बँकेत तपासणी खात्यात त्यांनी उभी हयात काढली. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, म्हणून ते ताटं तपासू लागले. लग्नाच्या पंगतीत बसले की आहेराचं पाकीट आणि पानातले जिन्नस यांचा ताळा त्यांच्या मनात आपोआप लागत जातो. श्रीखंडाची तिसरी वाढ पानात पडली की शेजारच्याच्या कानाशी लागून "मुद्दल निघालं" म्हणतात. मठ्ठा हे व्याज. ज्या लग्नात मठ्ठा नव्हता, त्या लग्नाचा उल्लेख ते आजही 'बुडीत खातं' असाच करतात. त्या जोडप्याची मुलं आता कॉलेजात आहेत.

मामी हे वेगळंच प्रकरण. माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे नारळ, मासे आणि फणस या तीन विषयांत तिचं मत म्हणजे हायकोर्टाचा निकाल. खाताना बोलत नाही. पहिला घास घेते, डोळे जरा बारीक करते आणि एकच वाक्य टाकते, "यात सुकी कोळंबी आहे." ती असते. कितीही शोधून दिसली नाही तरी असते.

हे दोघं सिंगापूरला माझ्याकडे आले, तेव्हा मामांच्या बॅगेत बँकेची जुनी डायरी होती आणि मामीच्या बॅगेत ज्वारीच्या कडक भाकऱ्यांचा डबा. "तिथं काही खाण्यासारखं नसलं म्हणजे?" हा मामीचा खुलासा. डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात गेला आणि तिथंच राहिला. डायरीला मात्र एक दिवस विश्रांती मिळाली नाही. तिच्यात चार रकाने आखले होते: जिन्नस, ठिकाण, दर, शेरा. शेरे तीनच. 'वसूल', 'अंशतः वसूल' आणि 'येणे बाकी'. "कसं लागलं?" याला रकाना नव्हता. एकदा मी तसं सुचवलंही. मामा म्हणाले, "अरे, ते सापेक्ष असतं. ऑडिटला चालत नाही."

चिली क्रॅबची नोंद नमुना म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात चेर याम तिआन नावाच्या बाईंनी इथल्या हातगाडीवर हा खेकडा पहिल्यांदा तिखट-गोड रश्शात घातला, असं मानतात. आता तो मोठमोठ्या हॉटेलांत मिळतो आणि मेनूकार्डावर त्याच्यापुढे दर नसतो, 'बाजारभावाप्रमाणे' असतं. दराच्या जागी दर नाही, हे पाहून मामांची भूकच गेली. खेकडा आला, फुटला, संपला. मामांचा चेहरा पडलेलाच. मग सोबत मान्तू नावाचे तळलेले पाव आले. त्यांनी रस्सा पुसून खायचा असतो, हे कळल्यावर मामा एकदम सावरून बसले. तीन प्लेटी मान्तू मागवून त्यांनी ते भांडं असं पुसलं की वेटरनं ते धुवायला नेलं की थेट कपाटात ठेवलं, कोण जाणे. शेरा: 'रश्शाद्वारे वसूल.'

शेवटच्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठलो, तर मामा दिवा लावून डायरी पुढ्यात घेऊन बसलेले. रात्रीचं विमान होतं.

"मामा, झोप नाही आली?"

"अरे, झोपायचं काय? आज ३१ मार्च आहे."

महिना जुलैचा होता. पण एकतीस मार्चला बँकेत जो चेहरा करून बसायचं असतं, तो मामांनी केला होता. वर्ष संपायच्या आत खाती मिटवायची. डायरीत पाच नोंदी 'येणे बाकी' होत्या: काया टोस्ट, लाक्सा, फिश हेड करी, मुर्तबाक आणि डुरियन. पाच जिन्नस, एक दिवस, दोन पोटं.

"दोन कशी? माझं पोट मी देणार नाहीये," मामी आतून म्हणाली. ती जागीच होती.

काया टोस्टपासून सुरुवात झाली. हायनान बेटावरून आलेली माणसं इथं इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर आचारी म्हणून राबली. साहेबाचा टोस्ट-जॅम त्यांनी पाहिला आणि जॅमच्या जागी नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानचं पान शिजवून तयार केलेला काया लावला. पाव कोळशावर भाजायचा, मध्ये थंड लोण्याची जाड चकती ठेवायची. सोबत दोन अंडी, उकडली की नाही असा संशय यावा इतपतच उकडलेली. मामांनी बशीत अंडं फोडलं, थरथरतं पांढरं पाहिलं आणि म्हणाले, "काम अर्धवट आहे." मामीनं शेजारच्या टेबलाकडे एक नजर टाकली. मग आपल्या बशीत काळा सोया सॉस ओतला, पांढरी मिरपूड भुरभुरवली, बशी ओठांना लावली आणि रिकामी करून खाली ठेवली. टोस्टचा घास घेतला. डोळे बारीक.

"केवड्याचं कोणीतरी आहे यात."

पांदान केवड्याच्याच कुळातलं. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. घरी येऊन तपासलं.

कॉफीच्या बाबतीत मात्र मामांनी आमच्यावर मात केली. इथं साधी 'कोपी' मागितली तर आटवलेलं गोड दूध घालून येते, 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, 'कोपी-सी' म्हणजे डब्यातल्या बिनसाखरेच्या आटीव दुधाची, 'कोसोंग' म्हटलं की साखर बंद, 'सिऊ दाई' म्हटलं की कमी. ही सगळी परिभाषा मामांनी डायरीच्या मलपृष्ठावर परिपत्रकासारखी उतरवून घेतली होती. गल्ल्यावर जाऊन त्यांनी खणखणीत आवाजात "कोपी-सी, सिऊ दाई" सांगितलं आणि गल्ल्यामागच्या आजीबाईंनी मान वर न करता पैसे घेतले, हा त्यांच्या मते या सहलीतला सर्वोच्च सन्मान. साखर कमी ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून सिऊ दाई. टोस्टमधल्या कायात चमचा उभा राहील इतकी साखर असते, हे मी म्हटलं. "काया म्हणजे नारळ," मामा म्हणाले, आणि नोंद पूर्ण केली.

लाक्सा खायला आम्ही पूर्वेकडच्या एका हॉकर सेंटरमध्ये गेलो. हे ठेलेवाले पूर्वी रस्त्यावर असायचे. सरकारनं त्यांना परवाने दिले, १९७० आणि ८० च्या दशकांत पाणी-गटाराची सोय असलेल्या छपराखाली आणून बसवलं. आणि २०२० मध्ये ही सगळी हॉकर संस्कृती युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. दुपारी तिथं बसायला जागा मिळवणं हा मात्र वारसा नव्हे, युद्ध. रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलेलं दिसलं, की ते टेबल धरलेलं समजायचं. याला 'चोप' करणं म्हणतात. पाकिटाला कोणी हात लावत नाही.

हे ऐकून मामांचे डोळे पाणावले असावेत. साताऱ्याच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी अर्धं आयुष्य जागा धरल्या. आणि इथं हजारो मैलांवर त्याच पद्धतीला सगळा देश मान देतो! टिश्यू विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. मामांनी खिशातला चौकड्यांचा रुमाल काढला, सहज मनगट झटकलं आणि दोन टेबलं पलीकडे बरोब्बर टाकला. आम्ही रांगेत उभे राहिलो. परत पाहतो तो एक चिनी आजोबा त्या टेबलाशी उभे. त्यांनी रुमाल उचलला, व्यवस्थित घडी केली, चहूकडे पाहिलं. कोणाचा तरी विसरला, हे स्पष्टच होतं. मामांच्या शर्टाच्या चौकड्या आणि रुमालाच्या चौकड्या त्यांनी जुळवल्या, चालत आले, दोन्ही हातांनी मामांना रुमाल दिला आणि जाऊन टेबलावर बसले.

मामा नि:शब्द. एस.टी.त असं झालं असतं तर कॉलरीला हात गेला असता. पण दोन्ही हातांनी दिलेल्या वस्तूवर भांडायचं कसं? शेवटी आजोबांनीच सरकून जागा केली आणि आम्ही चौघं एका टेबलाला बसलो. कटोंग पद्धतीच्या लाक्सातल्या शेवया आधीच तोडलेल्या असतात. चॉपस्टिक लागत नाहीत, नुसत्या चमच्यानं खायचा. मामा याच गोष्टीवर खूश झाले. नारळाच्या दुधाचा केशरी रस्सा, त्यात शिंपल्या, वर बारीक चिरलेला हिरवा पाला. मामीनं घास घेतला, आणि तुम्हांला कळलंच असेल, "सुकी कोळंबी." आजोबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली.

खाणं झाल्यावर खरी गंमत. २०२१ पासून इथं आपलं ताट आपण उचलून ठरावीक जागी नेऊन ठेवायचं असा नियम आहे. ठेवलं नाही तर आधी ताकीद, मग दंड. मामांनी भिंतीवरची पाटी वाचली, दोनदा वाचली, उभे राहिले, ताट उचललं, चालत गेले आणि रॅकमध्ये ठेवून आले. वर टेबलावर सांडलेला थेंब त्याच रुमालानं पुसला.

मामी बघत होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली.

"किती आहे रे दंड?" तिनं मला विचारलं.

"पहिल्यांदा ताकीद. मग तीनशे डॉलर."

"साताऱ्यात शंभर रुपयांपासून सुरू करते," मामी म्हणाली.

फिश हेड करी आणि मुर्तबाक यांचा निकाल घाईघाईतच लागला, आणि त्यांच्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण तोवर मामांची जीभ रजेवर गेली होती आणि फक्त पेन कामावर होतं. माशाच्या डोक्याची ही आमटी १९४९ च्या सुमारास केरळातून आलेल्या एम. जे. गोमेझ यांनी इथं सुरू केली. डोकं खायची आवड चिन्यांची, मसाला आपल्याकडचा. केळीच्या पानाशेजारी भलंमोठं डोकं येऊन बसल्यावर मामांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाकीचा मासा कोणाच्या खात्यावर गेला?" मामीनं गालातलं मांस बोटानं अलगद काढलं, मग डोळ्यामागचं, मग हाडं चोखली, आणि समोर जे उरलं ते प्राणिशास्त्राच्या वर्गात ठेवण्यासारखं होतं. १९०८ पासून सुलतान मशिदीसमोर चालू असलेल्या दुकानातल्या मुर्तबाकचे, म्हणजे खिमा भरलेल्या पराठ्याचे, तर मामांनी दोनच घास घेतले आणि "उरलेला बांधून द्या" म्हणाले. एवढं बोलून त्यांनी मामीकडे हात पसरला. तिनं पर्समधली ओव्याची डबी काढून त्यावर ठेवली. ही डबी रोज निघत होती. डायरीत तिची नोंद नाही.

राहिला डुरियन.

डुरियनला मामा टाळत होते हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. त्याचं कारण वास नव्हे, दर. गेलांगच्या रस्त्यावर दुकानं मांडलेली असतात, काटेरी फळांचे ढीग, प्रत्येक ढिगावर जातीचं नाव आणि किलोचा भाव. 'माओ शान वांग' ही जात सगळ्यांत मानाची, म्हणून अर्थातच मामांनी तीच घेतली. हलक्या कर्जदाराकडे वसुलीला जाण्यात काय मिळतं? विक्रेत्यानं फळ हलवून कानाशी धरलं, देठाशी वास घेतला, काट्यावर ठेवलं. बेचाळीस डॉलर. मग सुरीनं फोडलं. आत पिवळे गर, सगळे मिळून ओंजळभर. बाकी नुसती जाड, काटेरी साल.

मामांच्यातला तपासनीस खाडकन जागा झाला.

"हे टरफलाचं वजन कोणी धरलं?"

मी भाषांतर केलं. विक्रेता दुसरं फळ फोडत होता. "अंकल, नो शेल, नो डुरियन लाह," तो म्हणाला, आणि या वाक्याला उत्तर नाही.

आम्हांला प्लास्टिकचे हातमोजे मिळाले. मामांनी एक बी उचललं, श्वास रोखला, डोळे मिटले आणि सबंध तोंडात टाकलं. रोखलेला श्वास कधीतरी सोडावा लागतो, हा विचार त्यांनी केला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही. मोठ्या माणसांबद्दल लिहू नये. बी बाहेर आलं. मामा पाणी प्यायले. मग अत्यंत क्षीण आवाजात म्हणाले, "फणसच आहे. नासलेला."

मामी एक गर संपवून दुसरा खात होती.

"फणस नाही हा," ती म्हणाली. "फणसाला असा कडवटपणा शेवटाला येत नाही. आणि फणस इतका गुळगुळीत नसतो. हा निराळ्या घरचा आहे."

पुन्हा तेच. वरून काटे सारखे असले, तरी वनस्पतिशास्त्रात दोघांचं काही नातं नाही. फणस वड-उंबराच्या कुळातला. डुरियन काटेसावर आणि भेंडी ज्या कुळातली आहेत त्या कुळातला. मी मोबाइलवर पाहून हे वाचून दाखवलं.

मामा बराच वेळ गप्प राहिले.

"म्हणजे मी बेचाळीस डॉलर भेंडीला दिले?"

उरलेले गर डब्यात घालून घरी न्यावेत, असा त्यांचा पुढचा प्रस्ताव. मी म्हटलं, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, डुरियन नेता येत नाही. मामा म्हणाले, पाटी त्यांनी वाचलेली आहे. वाचलेली होतीच, या गृहस्थानं सिंगापुरातली एकही पाटी वाचल्याशिवाय सोडली नव्हती. त्या पाटीवर धूम्रपानाला हजार डॉलर दंड, खाण्यापिण्याला पाचशे, ज्वालाग्राही पदार्थाला पाच हजार असे आकडे आहेत. डुरियनच्या चित्रावर फुली आहे, पण खाली आकडाच नाही. "आकडा नाही म्हणजे तरतूद नाही. तरतूद नाही म्हणजे वसुली नाही. मग गुन्हा कसला?" तपासणी खात्यातली चाळीस वर्षं त्या युक्तिवादामागे उभी होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र भरलेला डबा, बंद दारं आणि सगळ्या प्रवाशांच्या आमच्याकडे वळलेल्या माना उभ्या राहिल्या.

वाद मिटला, कारण वळून पाहिलं तर प्लास्टिकच्या ताटलीत फक्त बिया होत्या. मामीनं हातमोजे काढले, टिश्यूला हात पुसले.

"लिहा," ती मामांना म्हणाली. "वसूल."

विमानतळावर पोचेपर्यंत पाच नोंदी मिटल्या होत्या आणि मामांनी डायरीला रबरबँड लावला होता. मुस्तफा सेंटरमधून घेतलेल्या सामानावरचा जीएसटी परत मिळतो, हे कळल्यापासून चांगी विमानतळ ही त्यांना पंढरी वाटत होती. यंत्रात पासपोर्ट ठेवला, परतावा मंजूर झाला. मामा जागचे हलेनात. खेकड्याच्या बिलावरही नऊ टक्के होते, त्यांचं काय? मदतीला उभ्या असलेल्या मुलीनं समजावलं, की इथं खाल्लेल्या अन्नावर परतावा नसतो, देशाबाहेर जाणाऱ्या मालावरच असतो. मामांनी शर्टाची शेवटची दोन बटणं ताणली गेली होती तिथं हात ठेवला आणि मला म्हणाले, "तिला सांग, माल देशाबाहेरच चाललाय." मी सांगितलं नाही.

बॅगांचं वजन बसलं. मी त्यांना निरोप देऊन ट्रेनमध्ये बसलो, तोच मामीचा फोन. चांगीच्या बहुतेक टर्मिनलांत सामानाची तपासणी थेट विमानाच्या गेटपाशी होते, आणि तिथं मामीच्या हातातल्या पिशवीतून कायाची अख्खी बरणी निघाली होती. शंभर मिलिलिटरच्या वरचं पातळ, जाम, मुरंबा, काहीच आत नेता येत नाही.

"मग टाकून द्या, मामी."

"मी तेच म्हणत होते. हे ऐकतात का?"

मागून मामांचा आवाज येत होता. सात डॉलर ऐंशी सेंट. न उघडलेली बरणी. एकतीस मार्च संपायला अजून अवकाश आहे. मग पिशवीत चमचा शोधण्याची खडखड झाली, चमचा सापडला नाही, आणि अचानक मामी म्हणाली, "थांबा." कडक भाकऱ्यांचा डबा तिनं निघताना कपाटातून काढून हातपिशवीत टाकला होता. दोघं रांगेतून बाहेर आले, गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसले, आणि मुंबईला निघालेल्या दीड-दोनशे माणसांच्या देखत ज्वारीच्या कडक भाकरीवर हायनानी काया लावून खाऊ लागले. फोन चालूच राहिला होता. बराच वेळ फक्त भाकरी मोडल्याचा आवाज.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"यांना विचारतोस?" मामीच्या तोंडात घास होता. "यांनी चौथी घेतलीये. डायरी बॅगेत गेलीय, म्हणून नुसतं खातायत."

दोघं सुखरूप पोचले. मामांचं पोट दोन दिवसांत ठिकाणावर आलं, साखरेची तपासणी त्यांनी पुढच्या तिमाहीवर ढकलली आहे. सध्या ते ओळखीच्यांकडे एकेक करून चहाला जातात आणि सोबत डायरी नेतात. तुमच्याकडे आले तर किती दिलं ते मामांना विचारा, अगदी सेंटपर्यंत सांगतील. कसं लागलं ते मामीला विचारा. त्या आधी मामांना कोपऱ्यावर दही आणायला पाठवा, आणि येताना भाव विचारून यायला सांगा. तेवढ्यात तिचं सगळं सांगून होतं.